तलवारीआधी म्यान वाचावे

वाचकांचे प्रश्न : जुनी शस्त्रे आणि त्यांची निगा

लष्करी अधिकाऱ्यांच्या जुन्या तलवारींविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात पात्याचे वर्णन सविस्तर आहे, म्यानाविषयी मात्र एखादीच ओळ आहे आणि तीही बहुधा ते खराब झाल्याची. माझ्या अनुभवाने तलवारीची हकीकत जितकी पात्यावर लिहिलेली असते तितकीच म्यानावरही असते, आणि ती आधी पुसली जाते ती म्यानावरची. उत्तरे वाचताना हे ध्यानात ठेवावे, अशी विनंती आहे.

प्रश्न : घरातील जुन्या पेटीत एक सरळ तलवार मिळाली. मुठीभोवतीची परज पोलादी पत्र्याची असून तिच्यावर वेलबुट्टीची जाळी कापलेली आहे. मध्यभागी मुकुट आणि त्याखाली 'जी', 'आर' व 'व्ही' ही अक्षरे एकमेकांत गुंफलेली आहेत. पात्यावर मुठीलगत सहा टोकांचा तारा आणि त्याच्या मधोमध पितळेची चकती आहे, तर पात्याच्या पाठीवर एक पाच आकडी क्रमांक आहे. सोबत दोन म्याने मिळाली. एक दोन कड्यांचे, चकचकीत धातूचे आहे. दुसरे तपकिरी चामड्याचे असून त्याचे पापुद्रे सुटत आहेत आणि हात लावला की बोटांना तांबडी भुकटी लागते. 'व्ही' म्हणजे राणी व्हिक्टोरिया असावी असे मला वाटते. तारा पाहून एका परिचितांनी ही तलवार ज्यू अधिकाऱ्याची असल्याचे सांगितले. यातील खरे म्यान कोणते, आणि चामड्याचे टाकून द्यावे का? — एक वाचिका

उत्तर : चामड्याचे म्यान कृपया टाकू नका. आपण दिलेल्या वर्णनावरून दोन्ही म्याने याच तलवारीची असण्याचा संभव मोठा आहे. त्याचे कारण सांगण्याआधी अक्षरांचा उलगडा केला पाहिजे, कारण काळ ठरल्याशिवाय म्यानाचा प्रश्न सुटत नाही.

आपल्या तलवारीवरील 'व्ही' हे अक्षर नसून रोमन आकडा पाच आहे. 'जी' म्हणजे जॉर्ज, 'आर' म्हणजे राजा या अर्थाचा लॅटिन शब्द रेक्स, आणि पुढे पाच. अर्थात ही पंचम जॉर्जची राजमुद्रा असून त्याची कारकीर्द १९१० ते १९३६ अशी होती. व्हिक्टोरियाच्या मुद्रेत 'व्ही' आणि 'आर' ही दोनच अक्षरे असतात, 'जी' असण्याचे कारणच नाही. तिच्या १८३७ ते १९०१ या दीर्घ कारकिर्दीनंतर १९१० पर्यंत सप्तम एडवर्डची 'ई' आणि 'आर' ही अक्षरे रोमन सातासह येतात. १९३६ च्या अखेरीपासून १९५२ पर्यंतच्या तलवारींवर षष्ठ जॉर्जची मुद्रा असते आणि तिच्यातील आकडा पाचाऐवजी सहा असतो. हे दोन्ही जॉर्ज घाईत पाहिले तर सहज एकमेकांत मिसळतात, म्हणून आकडा भिंगाखाली पाहावा. राजमुद्रा परज घडवल्याचा काळ सांगते. अधिकाऱ्याने ती तलवार पुढे किती वर्षे बाळगली, हे तिच्यावरून ठरत नाही.

परजेचा आणि पात्याचा नमुनाही याच काळाला दुजोरा देतो. ब्रिटिश पायदळाच्या अधिकाऱ्यांसाठी १८२२ मध्ये ठरवलेल्या तलवारीची परज पितळी पट्ट्यांची, अर्ध्या टोपलीसारखी होती आणि पाते किंचित वाकडे होते; त्या पात्याच्या पाठीवर नळीसारखी गोल कड असे. १८४५ मध्ये पाते बदलले, गोल कड जाऊन दोन्ही अंगांना रुंद पन्हळ आली, पण परज तीच राहिली. १८५४ पर्यंत त्या पितळी परजेचा आतल्या बाजूचा एक तुकडा बिजागरीवर दुमडता येत असे, कारण तलवार कमरेला लटकत असताना तो भाग गणवेशावर घासत राही. तलवारीने कापावे की भोसकावे, हा वाद घोडदळात आणि पायदळातही दीर्घकाळ चालला. १८९२ मध्ये पायदळाच्या अधिकाऱ्यांपुरता तो भोसकण्याच्या बाजूने सुटला आणि पाते सरळ, अरुंद व ताठ झाले. १८९५ मध्ये पितळी पट्ट्यांच्या जागी हात अधिक झाकणारी पोलादी पत्र्याची, जाळी कापलेली परज आली. तिची आतली कड गणवेशाला झिजवते असे आढळल्यावर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, ती कड खाली वळवण्यात आली. आपण परजेची शरीराकडे येणारी कड बोटाने चाचपून पाहावी. ती वळवलेली असेल तर आपल्याकडे १८९७ चा नमुना आहे, आणि पाते मुठीपासून टोकापर्यंत साधारण साडेबत्तीस इंच, म्हणजे ८२ ते ८३ सेंटिमीटर भरेल. हाच नमुना ब्रिटिश पायदळाचे अधिकारी समारंभात अजूनही बाळगतात, म्हणून नमुन्यावरून वय ठरवू नये. वय राजमुद्रेवरून ठरवावे.

ताऱ्याचा मालकाच्या धर्माशी काहीही संबंध नाही. एकमेकांत अडकवलेले दोन त्रिकोण हे पाते कसोटीला उतरल्याचे चिन्ह आहे. विल्किन्सन या लंडनच्या कारखान्याने ते रूढ केले आणि इतर तलवारकारांनीही तशीच खूण वापरली. पाते वाकवून, आपटून आणि भार देऊन पाहिल्यावर जे मोडत नसे व पुन्हा सरळ होई, त्याच्यावर ही पितळी चकती ठोकली जाई. पाठीवरील क्रमांक याहून मोलाचा आहे. विल्किन्सनने १८५४ च्या सुमारास आपल्या उत्तम पात्यांवर क्रमांक घालण्यास आणि त्यांची नोंदवही ठेवण्यास सुरुवात केली. पात्यावर त्या कारखान्याचे नाव असेल, तर क्रमांकावरून पाते कधी तयार झाले हे बऱ्यापैकी नेमके ठरते आणि कधीकधी ते मूळ कोणी घेतले हेही कळते. क्रमांक वाचण्यासाठी पात्याची पाठ घासू नये. दिवा तिरपा धरावा, म्हणजे उथळ आकडेही सावलीने उठून दिसतात.

आता म्याने. अधिकारी आपली तलवार स्वतःच्या खर्चाने घेत असे, त्यामुळे समारंभासाठी एक आणि मोहिमेसाठी दुसरे अशी दोन म्याने ठेवणे ही नेहमीची गोष्ट होती. आपले दोन कड्यांचे चकचकीत म्यान निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचे असावे. ते कमरपट्ट्यापासून दोन वाद्यांनी लटकत असे आणि चालताना डाव्या हाताने सावरावे लागे. तपकिरी म्यानात आत लाकूड आणि वर चामडे असते, आणि त्याला सॅम ब्राऊन म्यान म्हणतात. सॅम्युएल ब्राऊन हा हिंदुस्थानातील पंजाबच्या घोडदळाचा अधिकारी होता. १८५८ मध्ये रोहिलखंडातील एका चकमकीत त्याचा डावा हात गेला. लटकते म्यान सावरायला हातच उरला नाही, तेव्हा खांद्यावरून तिरपा जाणारा आधारपट्टा आणि तलवार कमरेशी घट्ट धरून ठेवणारी चामडी बैठक अशी रचना त्याने स्वतःसाठी केली. ती इतकी सोयीची ठरली की दोन्ही हात धड असलेल्या अधिकाऱ्यांनीही ती स्वीकारली आणि पुढे ती नियमाने लागू झाली. आपण टाकून देण्याच्या विचारात असलेले म्यान म्हणजे त्या एका जखमी माणसाच्या गरजेतून निघालेली वस्तू आहे. शिवाय मोहिमेवर जाणारे म्यान हेच असल्याने या तलवारीच्या मालकाने काही पाहिले असेल, तर त्याच्या खुणा पहिल्यांदा याच चामड्यावर शोधल्या पाहिजेत.

दोन्ही म्याने याच तलवारीची आहेत का, हे पाहण्यासाठी पाते न ढकलता आत जाते का आणि परज म्यानाच्या तोंडावर फट न ठेवता टेकते का, एवढे धातूच्या म्यानात एकदाच तपासावे. चामड्याच्या म्यानात ही परीक्षा करू नये. तिथे बाहेरून मापे घेणे पुरे.

तांबडी भुकटी हा झाडांच्या सालींच्या अर्काने कमावलेल्या जुन्या चामड्याचा रोग आहे. हवेतील गंधकयुक्त वायू आणि उष्णता यांनी चामड्यात आम्ल वाढते आणि त्याचे तंतू तुटून पूड होते. तुटलेले तंतू पुन्हा जुळत नाहीत, म्हणून तेल, खोगिराचा साबण किंवा बुटांचे पॉलिश लावण्याचा मोह टाळावा. त्याने चामडे काळे पडते, चिकट होते आणि पुढील उपचाराची वाट बंद होते. वस्तुसंवर्धक अशा चामड्यावर अल्कोहोलमध्ये विरघळवलेला सेल्युलोजचा एक पातळ बंधक हलक्या हाताने लावतात, त्यामुळे सुटलेली पूड जागी बसते. तोवर म्यान आम्लरहित कागदात सैल गुंडाळून आडवे ठेवावे आणि त्याला शक्य तितका कमी हात लावावा.

प्रश्न : काळ्या चामड्याच्या म्यानातील तलवार बाहेर येत नाही. म्यानाच्या तोंडाशी आणि टोकाशी पितळी भाग आहेत, त्यांच्या कडांना हिरवट मेणासारखे काहीतरी जमले आहे. तेल सोडून ओढून पाहावी का? — एक निवृत्त शिक्षक

उत्तर : तेल सोडू नये आणि ओढूही नये. आत काय झाले असावे, हे समजून घेतले तर या मनाईचे कारण पटेल. कमावलेल्या चामड्यात टॅनिनचे आम्ल असते आणि चामडे हवेतील ओल शोषून ती पात्याला लावून धरते. पोलाद गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, तो फुगून चामड्यात रुततो, आणि त्याच वेळी वर्षानुवर्षे कोरडे होत गेलेले चामडे आकसून पात्याभोवती आवळते. आपण पाहिलेला हिरवा थर म्हणजे चामड्यातील चरबीची आम्ले आणि पितळेतील तांबे यांचा संयोग आहे. आत ओल होती, याचा तो बाहेरून दिसणारा पुरावा समजावा. तेल ओतले तर ते पात्याच्या गंजापर्यंत पोहोचण्याआधी चामडेच ते पिऊन टाकते, फुगते आणि शिवणीचा दोरा कुजू लागतो.

जोर लावण्यात याहून मोठा धोका आहे. अशा म्यानाची शिवण बहुधा मागच्या अंगाने, मधोमध उभी जाते आणि दोरा कुजलेला असतो. म्यान मुठीत घट्ट धरून दुसऱ्या हाताने तलवार उपसली, तर पाते शिवणीतून किंवा कडेच्या झिजलेल्या चामड्यातून बाहेर येऊन थेट बोटांवर येते. म्यानाच्या कडा पात्याच्या धारेवरच टेकलेल्या असतात, ही गोष्ट घाईत विसरली जाते.

कोरड्या हवेच्या दिवशी तलवार टेबलावर मऊ कापडावर आडवी ठेवावी. म्यानाच्या तोंडाचा धातूचा भाग, ज्याला जुन्या मराठीत मोहनाळ म्हणत, पात्याच्या पाठीच्या बाजूने चिमटीत धरावा आणि मूठ अगदी हलकेच मागे घेऊन एखादा मिलिमीटर तरी हालचाल होते का, हे पाहावे. हालचाल होत असेल तर तितकीच मागेपुढे करत, पात्याची पाठ म्यानाच्या पाठीला टेकवून, धार कुठेही न दाबता काही दिवसांत ती सुटू शकते. मुळीच हालत नसेल तर तिथेच थांबावे आणि संग्रहालयात काम केलेल्या संवर्धकाकडे न्यावी. म्यानातच राहिलेली तलवार ही वाईट अवस्था आहे, पण फाटलेले म्यान हे कायमचे नुकसान आहे.

एकदा बाहेर आलेली तलवार पुन्हा त्या म्यानात ठेवू नका. हे ऐकून अनेकांना वाईट वाटते, कारण म्यानातली तलवारच पूर्ण दिसते. परंतु दोघांच्या गरजा एकमेकांविरुद्ध आहेत. पोलादाला हवा जितकी कोरडी तितकी चांगली. चामडे फार कोरड्या हवेत तडकते आणि त्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. एकत्र ठेवले तर एकाला जपताना दुसरे बिघडते. ती शेजारीशेजारी, पण वेगळी ठेवावीत. रिकामे म्यान कड्याने खिळ्याला टांगू नये, कारण त्याचे आणि टोकाच्या पितळी तहनाळीचे सारे वजन जुन्या शिवणीवर येते. पॉलिथिलीन फोमच्या पाट्यात त्याच्या आकाराची खाच कापून त्यात ते आडवे निजवावे.

प्रश्न : पाते आणि म्यानाचे पितळ चमकवण्यासाठी पॉलिश कागद आणि बाजारात मिळणारे पितळ उजळण्याचे द्रावण चालेल का? — एक वाचक

उत्तर : नाही. या उत्तरामागे माझी एक चूक आहे, ती इथे सांगणे मला आवश्यक वाटते. या वस्तूंचे काम शिकायला लागलो तेव्हा एका व्हिक्टोरियाकालीन तलवारीच्या पात्यावरचा तपकिरी थर मी बारीक पॉलिश कागदाने काढला. पाते सुंदर चमकले. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिले तेव्हा पात्याच्या मध्यावर पूर्वी अंधूक दिसणारी दोन अक्षरे, बहुधा मालकाच्या नावाची आद्याक्षरे, नाहीशी झाली होती. त्या तलवारीचा मालक कोण, हे सांगू शकणारी तेवढीच खूण होती, आणि ती आता कुणालाही वाचता येणार नाही.

हे इतक्या सहज का घडते, ते पाहा. अधिकाऱ्यांच्या पात्यांवरील वेलबुट्टी, राजमुद्रा, पलटणीचे चिन्ह आणि मालकाची अक्षरे बहुधा छिन्नीने कोरलेली नसतात. पात्याला मेणासारखा थर देऊन त्यात नक्षी ओढत आणि उघड्या पडलेल्या पोलादावर आम्लाचा परिणाम होऊ देत. त्या नक्षीची खोली नखालाही क्वचितच जाणवते, आणि तिची शोभा चकचकीत व धूसर भागांच्या फरकावर असते. कागद फिरला की आधी तो फरक जातो आणि मग नक्षीही जाते.

गंज दोन प्रकारचे असतात आणि त्यांना वेगळी वागणूक लागते. काळसर, घट्ट आणि गुळगुळीत थर स्थिर असतो. तो पात्याचे वय आहे, त्याला हात लावू नये. नारिंगी, भुकटीसारखा आणि बोटाला लागणारा गंज मात्र चालता आहे. त्यावर हलके खनिज तेल एक दिवस राहू द्यावे, मऊ सुती कापडाने पुसावे आणि गरज पडली तर हाडाची किंवा कठीण लाकडाची पट्टी तिरपी धरून फुगलेला कण उचलावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते तसेच राहिलेले बरे. शेवटी सूक्ष्मस्फटिकी मेणाचा अतिशय पातळ हात द्यावा. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात अशा मेणाचे जे मिश्रण तयार झाले, ते संग्रहालयांत आजही वापरले जाते. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत, कारण घामातील क्षार पोलादावर बोटांचे ठसे अक्षरशः गंजाने उमटवतात. मुठीवर माशाची खरबरीत कातडी आणि तिच्यावर पिळाच्या तारेचे वेढे असतात. तिथे मेण, तेल किंवा पाणी काहीच लावू नये, कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ काढणे पुरे.

पितळेच्या बाबतीत दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी की अधिकाऱ्यांच्या म्यानांच्या पितळी भागांवर पुष्कळदा सोन्याचा मुलामा असतो, आणि काळवंडलेल्या थराखाली तो असल्याची कल्पनाही येत नाही. घासून उजळलेले पितळ म्हणजे त्या सोन्याचा शेवट असतो. दुसरी गोष्ट अमोनियाची आहे. पितळ उजळण्याच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेल्या काडतुसांची पितळी कवचे आपोआप तडकलेली आढळत. घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळ ठोकून घडवताना त्यात राहिलेला ताण, या तिन्हींनी मिळून ते तडे पडत, असा उलगडा पुढे झाला, आणि धातुशास्त्रात या दोषाला 'सीझन क्रॅकिंग' हे नाव मिळाले. म्यानाची मोहनाळ आणि तहनाळही पातळ पत्रा ठोकून, वाकवून केलेली असते. तिच्या सांध्यांत हे द्रावण शिरले की ते धुऊन निघत नाही.

प्रश्न : माझ्याकडील अधिकाऱ्याची तलवार बोथट आहे. तिला धार लावून घेतली तर तिचे मूल्य वाढेल का? आणि धातूच्या म्यानात ती हलवली की खडखडते, हे का होते? — एक तरुण संग्राहक

उत्तर : धार लावू नका. अधिकाऱ्यांच्या तलवारी शांततेच्या काळात बोथटच असत, आणि लढाईवर जाण्याचा हुकूम आल्यावर त्यांना धार लावली जाई. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध जाहीर झाले तेव्हा ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी पलटणीच्या शस्त्रकारांकडे नेऊन धारदार करून घेतल्या. खंदकांच्या लढाईत त्या निरुपयोगी ठरल्या आणि पुढच्या वर्षापर्यंत बहुतेकांनी त्या मागे ठेवल्या, हे खरे. तरीही एखाद्या पात्याच्या धारेवर सहाणेच्या आडव्या बारीक रेषा दिसल्या, तर तिचा मालक रणांगणाकडे निघाला होता असे मानायला आधार मिळतो. आज नवी धार लावली की हा आधार मिटतो. बोथट पात्याचेही सांगणे आहे, ते तसेच राहू द्यावे.

धार आणि म्यान यांचे नाते मात्र आपण विचारले त्याहून खोल आहे. कॅप्टन लुई नोलान हा ब्रिटिश घोडदळाचा अधिकारी, जो पुढे १८५४ मध्ये बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध हल्ल्यात मारला गेला, हिंदुस्थानात काही वर्षे होता. घोडदळावरील आपल्या १८५३ च्या ग्रंथात त्याने निजामाच्या चाकरीतील स्वारांची हकीकत दिली आहे. एका चकमकीनंतर त्या स्वारांच्या तलवारींनी झालेल्या भयंकर जखमांचे वर्णन ऐकून, ही कोणती विलक्षण हत्यारे आहेत हे पाहायला तो गेला. ती पाती इंग्रज घोडदळानेच मोडीत काढलेली होती. स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीच्या मुठी बसवल्या होत्या, वस्तऱ्यासारखी धार दिली होती आणि ती लाकडी म्यानांत ठेवली होती. लढाईखेरीज ती कधी उपसलीच जात नसत. इंग्रज शिपायाची तीच तलवार लोखंडी म्यानात असे, आणि कवायतीत रोज कित्येकदा उपसताना व परत घालताना तिची धार म्यानाच्या तोंडावर घासून जाई. परदेशी पात्याला आपली मूठ बसवण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि मराठीत अशा तलवारीला फिरंग हा शब्दच आहे. मला या हकीकतीत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की पाते तेच होते आणि फरक म्यानाने केला.

आपल्या म्यानाचा खडखडाट याच गोष्टीशी जोडलेला आहे. चांगल्या धातूच्या म्यानात आतून दोन पातळ लाकडी पट्ट्या असतात. पाते त्यांच्यामध्ये सरकते, त्यामुळे ते धातूला घासत नाही आणि हलतही नाही. या पट्ट्या तोंडाशी असलेल्या वेगळ्या कड्याने धरून ठेवलेल्या असतात आणि ते कडे दोन बारीक स्क्रूंनी बसवलेले असते. पट्टी तुटली, किडली किंवा कुणी काढून टाकली की म्यान वाजू लागते. म्यान उलटे करून कागदावर हलकेच आपटावे आणि लाकडाचे तुकडे पडले तर ते जपून ठेवावेत. स्क्रू गंजलेले असतील तर ते फिरवण्याचा हट्ट करू नये, कारण त्यांची डोकी झिजली की पुढे कुणालाच ते काढता येत नाहीत. तोवर पाते या म्यानात ठेवू नये. म्यानाच्या टोकाची खालची कड एका अंगाने झिजलेली असेल तर तीही नीट पाहावी. लटकते म्यान जमिनीवर घासत गेल्याची ती खूण आहे, आणि ती घासून किंवा ठोकून सारखी करू नये.

प्रश्न : पात्यावर एका व्यापाऱ्याचे नाव आहे, पण तो तलवारी बनवत असल्याची माहिती कुठेच मिळत नाही. तलवार बनावट आहे का? आणि तिची किंमत किती येईल? — एक वाचक

उत्तर : नावावरून बनावट ठरवू नये. अधिकारी गणवेश जिथे शिवून घेत तिथेच बहुधा तलवारही घेत, आणि ते शिंपी व लष्करी साहित्याचे विक्रेते तयार पाती मागवून त्यांवर आपले नाव घालत. त्यांतील कित्येक पाती जर्मनीतील झोलिंगेन या शहरात घडलेली असत, जिथे तलवारीचे पाते बनवण्याचा धंदा शतकानुशतके चालत आला होता. सरकारी तपासणीचे शिक्के नसणे हाही दोष नाही; ते शिक्के सरकारने पुरवलेल्या, शिपायांच्या तलवारींवर असतात. संशय घ्यायचा तर तो धातूवर घ्यावा. गंजरोधक पोलाद १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रीअर्लीने तयार केले आणि क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकापासून प्रचारात आला, म्हणून व्हिक्टोरियाची मुद्रा असलेली परज किंवा म्यान क्रोमने झळकत असेल, तर एक तर तो मुलामा नंतरचा आहे किंवा संपूर्ण वस्तूच नंतरची आहे.

किंमत या सदरातून सांगितली जात नाही, आणि विकण्याचा विचार असल्यास त्याआधी धारदार व पुरातन वस्तूंविषयीचे आपल्या ठिकाणचे नियम विचारून घ्यावेत. ओळख पटवण्यासाठी छायाचित्रे पाठवायची असतील, तर साफसफाई न करता काढलेली पाठवावीत: परज दोन्ही बाजूंनी, पात्याचा मुठीलगतचा भाग, पात्याची पाठ, म्यानाचे तोंड समोरून, म्यानाची शिवण आणि टोक. शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि उजेड एकाच बाजूने, तिरपा पडू द्यावा.